नव्या स्टिअरिंगची पहिली फेरी

एका डोंगराच्या माथ्यावर, ढगांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, एक गाव होतं आणि त्या गावात एकच मोटार होती.

गावाचं नाव आभाळवाडी. तिथं सकाळी दार उघडलं की ढग घरात यायचे. चुलीपाशी घटकाभर टेकायचे आणि ऊन आलं की उठून जायचे. कुणाला त्याचं नवल नव्हतं. बायका सारवता सारवता ढगाला म्हणत, "सर रे बाजूला, पाय उमटतील." आणि ढग सरायचा.

मोटार निळी होती. रावजी नावाच्या माणसाची होती, पण हक्क तिच्यावर साऱ्या गावाचा होता. आजारी माणूस तिच्यातूनच खाली दवाखान्यात जायचा. बाळंतीण तिच्यातूनच माहेरी यायची. खाली जायला घाट होता आणि घाटाला तेरा वळणं होती. प्रत्येक वळणाच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नुसतं पांढरं धुकं. धुक्याखाली किती खोल आहे, हे कुणी मोजलं नव्हतं.

त्या गावात एक जुनी रीत होती. तिला म्हणायचे 'करणाऱ्याची पहिली फेरी'. विहीर खणली की पहिला तांब्या खणणाऱ्यानं आपल्या लेकराला पाजायचा. ओढ्यावर साकव बांधला की बांधणाऱ्यानं आपली माणसं घेऊन तो आधी ओलांडायचा. झोपाळ्याचा दोर ज्यानं वळला, त्यानं आपल्या पोरीला त्यावर पहिला झोका द्यायचा. मग बाकीच्या गावानं.

शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत होती ती. पण दिवस गेले तशी ती झिजली. विहीर खणणारा पाणी नुसतं ओठाला लावू लागला. साकव बांधणारा दोन पावलं टाकून, मानाचा नारळ घेऊन मागं फिरू लागला. रीत राहिली, तिच्यातला जीव गेला. कुणी विचारलंच तर लोक म्हणत, "चालतंय की!"

चालतंय की! आळशी माणसाची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या शब्दांनी केली नसेल.

या गावात सुभान लोहार राहायचा. त्याच्या आज्यानं नांगराचे फाळ घडवले होते, बापानं बैलगाडीच्या चाकांना धावा चढवल्या होत्या, आणि सुभान मोटारीचं काम शिकला होता. हात त्याचे सोन्यासारखे होते. मन मात्र ढगासारखं होतं. पाना हातात धरून तो कुठल्या कुठं जाऊन यायचा. आपलं नाव लोकांच्या तोंडी आहे, आपण चालताना पोरं बोट दाखवताहेत, असलं काहीबाही त्याला दिवसाउजेडी दिसायचं.

त्याची आई हौसाई. सत्तरीची. लग्न करून डोंगर चढून आली, ती पुन्हा कधी उतरली नाही. आधी संसार होता, मग गुडघे गेले. मोटार होती, पण हौसाई म्हणायची, "मी कशाला? माझ्यापायी आजाऱ्याची जागा अडंल." तिची एकच हौस राहून गेली होती. घाटाच्या अकराव्या वळणावर ढग सरला तर लांबवर समुद्र दिसतो, असं तिनं ऐकलं होतं. जो खालून येईल त्याला ती विचारायची, "दिसला का? कसा असतो रे?"

"निळा असतो, हौसाई."

"निळी तर आपली मोटार पण हाय," ती म्हणायची.

दसरा चार दिवसांवर आला होता. रावजी शहरात जाऊन आला आणि येताना फडक्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. सुभानच्या भात्यापाशी येऊन त्यानं फडकं सोडलं. आत मोटारीचं नवं स्टिअरिंग होतं.

जुनं स्टिअरिंग मोठं होतं, काळं होतं, आणि रावजीच्या तळव्यांनी त्याला दोन जागी खळगे पडले होते. हे नवं लहानसं, मऊ कातड्यानं मढवलेलं. कडेनं लाल दोऱ्याचे टाके. मधे तीन चंदेरी पाती आणि पात्यांना गोल गोल भोकं. चंद्राला कुणीतरी लाल दोऱ्यानं शिवून ठेवावं, तसं ते दिसत होतं.

"सुभान्या," रावजी म्हणाला, "दसऱ्याला ही नवरी मांडवात उभी दिसली पाहिजे बघ."

अष्टमीच्या दिवशी सुभान कामाला लागला. आधी त्यानं मोटारीची पुढची चाकं सरळ केली. खडूनं खूण केली. मधला नट काढला आणि जुनं स्टिअरिंग ओढून बाहेर घेतलं. आत दांडा उघडा पडला. त्या दांड्याला भोवतीनं बारीक बारीक दाते असतात आणि स्टिअरिंगच्या भोकाला आतून तेवढ्याच खाचा. दाता खाचेत बसला की स्टिअरिंग आणि दांडा एकजीव होतात. हात जिकडं वळेल तिकडं मोटार वळते. सारी मोटार या बोटभर लोखंडावर विश्वास टाकून चालते.

नवं स्टिअरिंग थेट दांड्यावर बसत नव्हतं. त्यासाठी सोबत एक लोखंडी जोडकडं दिलेलं होतं. सुभाननं ते दांड्यावर चढवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. कडं दुसऱ्याच कुठल्या मोटारीच्या मापाचं होतं. पडायला आलेल्या दातासारखं ते दांड्यावर डुगडुगत होतं.

उपाय साधा होता. माप घ्यायचं, तालुक्याला जायचं आणि लेथवर बरोबर मापाचं कडं कातून आणायचं. पण लेथवाला नवरात्रात लेथ बंद ठेवायचा. दसऱ्यानंतर तो उघडून कडं कातून मिळायचं म्हणजे आठ दिवस. म्हणजे दसरा हुकला.

हे रावजीला सांगायला हवं होतं. दहा शब्दांचं काम होतं. पण बाहेर झेंडूच्या माळा ओवणं चाललं होतं. बायका येता-जाता चंदेरी पात्यांवरून बोट फिरवून जात होत्या. आणि सुभानचं मन निघालं होतं आपल्या वाटेनं. त्याला दिसला दसऱ्याचा दिवस. निळी मोटार, तिच्या पोटात शिवलेला चंद्र, आणि साऱ्या गावाच्या तोंडी एकच वाक्य, 'सुभाननं बसवलं.'

मन तिकडं आणि हात इकडं. हातांनी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. त्याची पट्टी दात्यांभोवती गुंडाळली. वरून कडं ठोकलं, स्टिअरिंग चढवलं आणि नट आवळला. डुगडुग थांबली. हॉर्न दाबला. पोंऽऽ! हॉर्न तर पहिल्यापेक्षा खणखणीत वाजला. बाहेर पोरांनी टाळ्या पिटल्या.

रावजी दारात येऊन उभा राहिला. "बसलं का रं नीट?"

सुभाननं नट आणखी एकदा आवळला.

"बसलं," तो म्हणाला.

रावजी गेल्यावर त्यानं स्वतःची समजूत घातली. दसरा झाला की बरोबर मापाचं कडं आणू. रावजी गाडी सावकाश चालवतो. आणि करणाऱ्याची पहिली फेरी काय, वेशीपर्यंत तर जायचं. वेशीपर्यंत रस्ता सपाट. तिथं उतरायचं, नारळ घ्यायचा, घरी यायचं. चालतंय की.

वेशीच्या पुढं कोण जाणार, हे त्याच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर ते दारापर्यंत आलं होतं. त्यानं आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि हत्यारांना सुट्टी असते. हौसाईनं पाटावर हातोडा मांडला, पाने मांडले, पक्कड मांडली. प्रत्येकाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग सुभानला म्हणाली, "वरीसभर ती तुझं ऐकत्यात. आज तू त्यांचं ऐक."

दुपारी सुभान भात्यापाशीच कलंडला. ढग आत आला आणि त्याच्या उशाशी बसला. त्याचा डोळा लागला.

स्वप्नात तो निळी मोटार चालवत होता. खाली रस्ता नव्हता, ढगच होते. कापसावरून जावं तशी मोटार जात होती, तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. मागं माणसं बसली होती. कुणीतरी हळू आवाजात ओवी म्हणत होतं. फार बरं वाटत होतं. मग वळण आलं. सुभाननं स्टिअरिंग फिरवलं. ते फिरलं. फिरतच राहिलं. जत्रेतल्या फिरकीसारखं हलकं हलकं फिरत राहिलं, आणि मोटार मात्र सरळ पांढऱ्यात चालली. मागं कोण कोण आहे ते बघावं म्हणून तो वळला, तर सगळ्यांनी तोंडावर पदर ओढून घेतलेले. ओवी तेवढी चालू होती.

तो दचकून उठला. समोर पाटावर पाना होता आणि पान्यावर झेंडूचं फूल होतं. त्यानं हात पुढं केला.

"आज न्हाई, लेकरा," हौसाई चुलीपासून म्हणाली. "आज त्यांना हात लावू नये."

सुभाननं हात मागं घेतला. हात मागं घेताना त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणंच वाईट होतं.

दसरा उजाडला. मोटार धुऊन पुसून वेशीकडं तोंड करून उभी होती. तिला झेंडूची माळ घातली होती, नव्या स्टिअरिंगला दुसरी छोटी माळ. रावजीच्या बायकोनं ओवाळलं. मागच्या सीटवर भागूकाकू आधीच जाऊन बसली होती. तिला खाली लेकीकडं जायचं होतं, नातवाचं बारसं होतं. मांडीवर अंगडं-टोपडं आणि घुगऱ्यांचा डबा. तिच्या शेजारी दोघं बाजाराला निघालेले.

"करणाऱ्याची पहिली फेरी!" रावजीनं हाळी दिली. "चल सुभान, तुझी माणसं घेऊन बस."

"माझं माणूस कुठलं? मी एकटाच येतो वेशीपर्यंत," सुभान म्हणाला.

"एकटा का म्हणून?" मागून आवाज आला.

हौसाई येत होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. गर्दीनं वाट दिली.

"मी येणार," ती म्हणाली. "वेशीपर्यंत न्हाई. खालपर्यंत. आजवर कुणाच्या जागेवर बसले न्हाई. पण आज माझ्या लेकाच्या कामावर बसायचंय. ही जागा माझ्या हक्काची हाय."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. रावजीनं तिला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. "हौसाई, फडक्यात काय हाय?"

"भाकरी."

"समुद्राला भाकरी?"

"मग? पहिल्यांदा जायचं कुणाच्या दारी, तर मोकळ्या हातानं जाऊ का?"

तिनं नव्या स्टिअरिंगवरून हात फिरवला. लाल टाके बोटांनी चाचपले. मग गर्दीकडं बघून म्हणाली, "सुभाननं बसवलं."

तेच वाक्य. ज्याच्यासाठी सगळं केलं, तेच. 

रावजीनं मोटार चालू केली. ती थरथरू लागली. सुभान दार धरून उभा होता. आई सीटच्या कडेला बसली होती आणि तिचे पाय खाली टेकत नव्हते. लहान मुलीसारखे लोंबत होते. त्याच्या डोळ्यांपुढं अकरावं वळण आलं. तिथं रावजीला दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. त्यात हे स्टिअरिंग लहान, म्हणजे जोर आणखी लागणार. आणि त्या जोरापुढं गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा.

तो आईच्या कानाशी वाकला. "आई, तू उतर. वारं बाधंल तुला."

"सत्तर वरसं वारंच खाल्लं मी."

"मग पुन्हा कधीतरी जाऊ. आज नको. ऐक माझं, उतर."

हौसाईनं त्याच्याकडं बघितलं. आई होती ती. त्याच्या चेहऱ्यावरचा काळोख तिला दिव्याशिवाय वाचता येत होता. ती हळूच म्हणाली, एवढ्या हळू की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं:

"मला उतरवतोस. मग भागूला का न्हाई उतरवत?"

सुभाननं मान वर केली. मागच्या सीटवर भागूकाकू अंगड्याची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. स्वप्नात पदर ओढून बसलेलं माणूस कोण होतं, ते त्याला आता दिसलं.

तो वळसा घालून रावजीच्या खिडकीतून आत वाकला आणि त्यानं किल्ली फिरवली. मोटार गप्प झाली.

"कुणीच जायचं नाही," सुभान म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "स्टिअरिंग नीट बसलेलं नाही. कडं मापाचं नव्हतं. मी आत पत्रा गुंडाळलाय."

रावजी हसायला लागला. त्याला ती थट्टा वाटली. "काय बोलतोस? दगडासारखं घट्ट हाय की!"

"वळणावर फिरवता तसं फिरवा. सगळा जोर लावा."

रावजीनं दोन्ही हात लावले आणि हिसडा दिला. आत कुठंतरी कुरकुर झाली. त्यानं आणखी एक हिसडा दिला. कटकन आवाज आला आणि स्टिअरिंग गरकन फिरलं. रावजीनं हात सोडले तरी ते घटकाभर आपलं आपणच फिरत राहिलं. फिरता फिरता त्याची माळ तुटली आणि फुलं हौसाईच्या ओटीत पडली. मोटारीची पुढची चाकं जागची हलली नव्हती.

रावजी खाली उतरून सुभानपुढं उभा राहिला.

"मी तुला विचारलं होतं," रावजी म्हणाला.

"विचारलं होतं."

"काय म्हणाला होतास?"

"बसलं, म्हणालो होतो."

गर्दीतून कुणीतरी पचकलं, "लोहाराचा लेक आणि पत्र्याचं काम!" सुभानला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. पण धरणी अशी लगेच दुभंगत नाही. माणसाला उभं राहावं लागतं. तो उभा राहिला.

भागूकाकू खाली उतरली. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बारशाला निघाले होते रं मी."

रावजी मोटारीच्या पायरीवर बसला. तो जमिनीकडं बघत बोलला, "घाई माझी होती. पण घाई झाली तरी, सुभान्या, माझ्या तोंडावर खरं सांगितलं असतंस, तर मी काय तुला खाल्लं असतं का?"

 मधेच हौसाई बोलली. ती खाली उतरलीच नव्हती. बसल्या जागेवरून म्हणाली, "जुनं कुठं हाय? आण ते."

सुभान भात्याकडं पळाला. खुंटीवरचं जुनं स्टिअरिंग काढलं. पाटावरचा पाना उचलला, त्याच्यावरचं फूल कपाळाला लावून बाजूला ठेवलं, आणि तो पळतच परत आला. मग साऱ्या गावादेखत त्यानं नवं स्टिअरिंग काढलं. चुरगळलेली पत्र्याची पट्टी बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी मोटारीच्या बॉनेटवर ठेवली. दांडा पुसला. खडूच्या खुणेला खूण लावली. दाता खाचेत गेला. जुनं लोखंड जुन्या लोखंडाला ओळखतं, तसं ते सरकन बसलं. नट आवळला. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा रावजीला बघायला लावलं. रावजीनं हिसडा दिला, तशी पुढची चाकं माती चिरत वळली.

"आता?"

"आता बसलं," सुभान म्हणाला.

"मग बस तूही," रावजी म्हणाला. "पहिली फेरी करणाऱ्याची. आणि पुरी. वेशीवर उतरायचं नाही."

मोटार वेस ओलांडून धुक्यात शिरली. सुभान मागं भागूकाकूच्या शेजारी अंग चोरून बसला होता. पहिलं वळण आलं, गेलं. दुसरं गेलं. प्रत्येक वळणाला तो डोळे मिटायचा आणि दांड्यावरचे दाते मनातल्या मनात मोजायचा. ढग खिडकीतून आत यायचे, आईच्या पांढऱ्या केसांत अडकायचे, आणि निघून जायचे. भागूकाकू हळू आवाजात पाळण्याची गाणी आठवत होती.

अकराव्या वळणावर रावजीनं दोन्ही हातांनी जोर लावला. मोटार डोंगराच्या कडेनं वळली आणि थांबली. रावजीनं मुद्दाम थांबवली. समोर नुसता ढग होता. सगळे वाट बघत राहिले. मग ढगाला कुणीतरी 'सर रे बाजूला' म्हणावं, तसा तो सरला.

हौसाई किती तरी वेळ बघत होती.

"काय हौसाई?" रावजीनं विचारलं. "कसा वाटला?"

"हा व्हय समुद्र?" ती म्हणाली. "हे तर आपलं आभाळच आडवं निजलंय."

मग तिनं फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडून दरीच्या दिशेनं टाकला, पाहुण्याचा मान म्हणून. उरलेली भाकरी मागं वळून सुभानच्या हातात दिली.

"धर. खरं बोलून भूक लागली असंल."

आठ दिवसांनी सुभान तालुक्याहून लेथवर कातलेलं, बरोबर मापाचं कडं घेऊन आला. नवं स्टिअरिंग बसलं, ते आजही तिथंच आहे. आता त्याच्यावरही रावजीच्या तळव्यांचे खळगे पडू लागलेत. पत्र्याची ती चुरगळलेली पट्टी सुभाननं भात्यापाशी खुंटीला टांगली आहे. कधी मन ढगावर बसून निघालं की तो तिच्याकडं बघतो आणि हातातल्या कामाकडं परत येतो.

आणि आभाळवाडीत 'चालतंय की' आता कुणी म्हणत नाही. साकव बांधून झाला, छप्पर चढवून झालं, झोपाळ्याचा दोर वळून झाला, की लोक करणाऱ्याला एवढंच विचारतात, "आई बसंल का?" परगावच्या माणसाला त्याचा अर्थ कळत नाही. ज्याला विचारलं, त्याला मात्र कळतो. तो कधी ताठ मानेनं 'बसंल' म्हणतो, आणि कधी काही न बोलता काम पुन्हा उसवायला घेतो.

तात्पर्य: ज्या कामावर आपण आपल्या आईला बसवणार नाही, त्यावर दुसऱ्याच्या आईलाही बसवू नये.